आजीचं वाक्य मी दुरुस्त केलं



या महिन्यात या पानाची पाळी माझ्यावर आली आहे. संपादक काकूंनी फोनवर सांगितलं, "तीनच गोष्टी लिही. घरचं, शिक्षणाचं आणि छंदांचं. आणि हे बघ, कम्प्युटरचं फार लावू नकोस, हे पान आजी-आजोबाही वाचतात." काकू, काळजी नको. हा लेख एका आजीवरच आहे.

आधी घरचं. आम्ही रामबागेतले. पणजोबा साताऱ्याकडून होळकर संस्थानात कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. आजोबा कापड गिरणीत हिशेब लिहायचे. बाबा बँकेत, आई शाळेत गणित शिकवते. इंदूरची आमची ही चौथी पिढी. माझी शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी आणि स्वयंपाकघर मराठी. रविवारी सकाळी पोह्यांवर सेव, वर जीरावन आणि शेजारी जिलबी. या जिलबीला पुण्याचे पाहुणे दर वेळी हसतात आणि दर वेळी दुसऱ्यांदा मागून घेतात.

मराठी मी शाळेत शिकले नाही. हिंदीमुळे लिपी येत होती, म्हणून वाचता येतं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजून रामभरोसे आहे. हा लेख आईने तपासून दिला आहे, तरी चूक सापडली तर ती माझी.

सध्या मी इथल्याच एका कॉलेजात कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय स्पीच रेकग्निशन, म्हणजे माणसाचं बोलणं ऐकून ते लिहून काढणारे प्रोग्रॅम. फोनवर माइकचं बटण दाबून आपण बोलतो आणि समोर अक्षरं उमटतात, तेच. हा विषय का घेतला असं प्रत्येक मुलाखतीत विचारतात. तिथे मी एक छापील उत्तर देते. खरं उत्तर इथे देते.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या डोळ्यांचं दुखणं बळावलं. मोतीबिंदू काढला, पण पडद्याचा त्रास राहिला. तोंडावळा ओळखू येतो, फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. आजीचं रोजचं मोठं काम म्हणजे ग्वाल्हेरच्या आत्याला मेसेज पाठवणं. भाजी काय केली, कोण आलं, कोणाचं काय झालं, सगळं. बाबांनी तिला माइकचं बटण दाबायला शिकवलं. पहिले काही दिवस आजी मराठीत बोलायची आणि फोन भलतंच काही लिहायचा. आत्या फोन करून विचारायची, "आई, हे काय पाठवलंस?" मग हळूहळू मेसेज नीट जायला लागले. घरात सगळे खूश.

एक दिवस आत्याने मला वेगळा फोन केला. "अगं, आई माझ्याशी हिंदीत का बोलायला लागली?"

मी आजीचा फोन उघडून पाहिला. तीन आठवड्यांचे मेसेज होते. सगळे हिंदीत. मी विचारलं तर आजी म्हणाली, "त्या फोनला माझं मराठी नाही समजत बेटा. हिंदी समजतं. मग हिंदीत सांगते. त्यात काय."

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, शेजारच्या काकींशी ती हिंदी बोलते. पण स्वतःच्या मुलीशी ती आजवर एकदाही हिंदीत बोलली नव्हती. फोनसाठी तिने भाषा बदलली, आणि वर "त्यात काय" म्हणाली.

फोनला तिचं मराठी का समजत नव्हतं, ते थोडक्यात सांगते. आपण बोललो की आवाजाची मोजमापं घेतली जातात, साधारणपणे सेकंदाला 16 हजार. मग त्याचे 25 मिलिसेकंदांचे बारीक काप करतात. दर काप आधीच्यापेक्षा 10 मिलिसेकंद पुढे, म्हणजे एका सेकंदाचे शंभरेक काप. प्रत्येक कापात कोणता ध्वनी असेल याचा प्रोग्रॅम अंदाज करतो. हा झाला ऐकण्याचा भाग. पण नुसतं ऐकून भागत नाही, कारण माणसं अर्धे शब्द गिळतात. तेव्हा या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हेही प्रोग्रॅम बघतो, आणि ती शक्यता तो आधी पाहिलेल्या मजकुरावरून शिकलेला असतो. 2022 च्या सप्टेंबरात ‘व्हिस्पर’ नावाचं एक प्रसिद्ध मॉडेल आलं. ते 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं. त्यातले इंग्रजी सोडून इतर 96 भाषांच्या वाट्याचे तास सगळे मिळून 1 लाख 17 हजार. त्या 96 जणींच्या पंगतीत मराठी. आणि त्या मराठीत बातम्या, भाषणं, मुलाखती यांची मराठी किती आणि रामबागेतल्या ओट्यावरची किती, याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा.

आता आमच्या घरची मराठी ऐका. आजी म्हणते, "लाइट चालली गेली." म्हणते, "मला भूक लागून राहिली." म्हणते, "मामाशी विचार," आणि "मला पत्ता नाही." ही हिंदीची सावली, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती पडलेली आहे. (‘लागून राहिली’ नागपूरकडेही ऐकू येतं, तेव्हा सगळा दोष इंदूरला देऊ नये.) पण तीच आजी ‘फडताळ’ म्हणते, ‘दिवेलागण’ म्हणते, पाऊस आला की ‘वळचणीला उभा राहा’ म्हणते. हे शब्द पणजोबांबरोबर साताऱ्याहून आले आणि आमच्या घरात टिकले. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला यातले दोन शब्द माहीतच नव्हते. म्हणजे आजीच्या एकाच वाक्यात शंभर वर्षांपूर्वीचं मराठी आणि कालची हिंदी शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि फोन दोन्हीकडे अडखळतो.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी हेच निवडलं. घरगुती बोलणं रेकॉर्ड करायचं, ते शब्दशः लिहून काढायचं आणि तयार मॉडेलला त्यावर थोडं पुढे शिकवायचं.

रेकॉर्डिंगची गंमत वेगळीच. पहिल्या दिवशी मी फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आजी, बोल." आजी ताठ बसली आणि रेडिओसारखी सुरू झाली, "आज हवामान अत्यंत आल्हाददायक आहे." मे महिना होता. आवाज येतो म्हणून मी पंखाही बंद केला होता. मग मेथी निवडायला आणली. मी दर वेळी सांगते, "आजी, चालू करते हं," आणि ती मान हलवते. दहा मिनिटांत ती फोन विसरते आणि खरं बोलणं सुरू होतं. मटार आले की अजून चांगलं, कारण मटार सोलायला जास्त वेळ लागतो.

लिहून काढणं मात्र कंटाळवाणं काम आहे. एक तासाचं बोलणं लिहायला मला सहा-सात तास लागतात. तीन तासांचं लिहून झालं तेव्हा मी कागद आणि रेकॉर्डिंग आमच्या सरांना दाखवायला नेलं. सर उज्जैनकडचे. घरी माळवी बोलतात. मराठी त्यांना येत नाही. हेडफोन लावून, एका बोटाने माझ्या ओळींवरून सरकत ते ऐकत होते. एके ठिकाणी बोट थांबलं. मागे गेले, परत ऐकलं. म्हणाले, "मराठी मुझे नहीं आती. पर दादीजी ने ‘राहिली’ बोला है. तुम्हारे कागज पर कहाँ है?"

मी पाहिलं. आजी म्हणत होती, "भूक लागून राहिली." मी लिहिलं होतं, "भूक लागली आहे."

मी सांगितलं की सर, तसं चूक आहे, बरोबर मराठीत असं म्हणत नाहीत. सर म्हणाले, "तुम लिख रही हो या कॉपी जाँच रही हो?"

त्या रात्री मी सगळी पानं पुन्हा लावून ऐकली. ‘मामाशी विचार’चं मी ‘मामाला विचार’ केलं होतं. ‘पत्ता नाही’चं ‘माहीत नाही’. ‘लाइट चालली गेली’मधलं ‘चालली’ सगळीकडे गायब. आणि ‘फडताळ’ कळलं नव्हतं तेव्हा तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले होते. मुद्दाम असं काहीच केलं नव्हतं. हात आपोआप दुरुस्त करत गेला होता. फोनने निदान आजीला तोंडावर सांगितलं होतं की तुझं समजत नाही. मी तिचं बोलणं समजून घेऊन मग पुसलं होतं.

असं का झालं याचा विचार केला तेव्हा एक लग्न आठवलं. मी सातवीत होते. पुण्यात मावसबहिणीचं लग्न. कार्यालयात दिवे गेले आणि आजी सहज म्हणाली, "लाइट चालली गेली वाटतं." बहिणीच्या मैत्रिणी हसल्या. एकीने विचारलं, "चालत गेली का आजी?" मग कोणीतरी ‘पत्ता नाही’वरून कुरिअरचा विनोद केला. मुली वाईट नव्हत्या, त्यांनी आजीला वाकून नमस्कारही केला होता. पण आजी पुढचे दोन दिवस फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली. आणि मी? मी हसणाऱ्या मुलींबरोबर हसले होते. मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

असो. तीन तासांचं काम परत केलं.

यातून एक तांत्रिक गोष्ट माझ्या लक्षात आली. कम्प्युटर शिकणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. स्पीच रेकग्निशनची परीक्षा कशी घेतात? माणसाने लिहिलेलं वाक्य उत्तरपत्रिका म्हणून समोर ठेवायचं. प्रोग्रॅमने किती शब्द बदलले, किती गाळले, किती जास्तीचे घातले ते मोजायचं, त्यांची बेरीज करायची आणि उत्तरपत्रिकेतल्या एकूण शब्दांनी भागायचं. आजीचं वाक्य घ्या: ‘लाइट चालली गेली, फडताळातून मेणबत्ती आणून दे.’ सात शब्द. प्रोग्रॅमने ‘फडताळातून’च्या जागी ‘फार ताळातून’ लिहिलं, तर एक शब्द बदलला, एक जास्तीचा आला. सातांत दोन चुका, म्हणजे सुमारे 29 टक्के. इथपर्यंत ठीक. पण माझ्या जुन्या उत्तरपत्रिकेत ‘चालली’ नव्हतंच. मग ज्या प्रोग्रॅमने नीट कान देऊन ‘चालली’ ऐकलं आणि लिहिलं, त्याला एक चूक जास्त लागली असती, आणि ज्याने न ऐकता ठोकळेबाज ‘लाइट गेली’ लिहिलं, तो पास. माझ्या परीक्षेत आजीचं ऐकणाऱ्यालाच शिक्षा होती.

असाच दुसरा एक घोळ ‘ऱ्य’चा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा रफार दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण कम्प्युटरच्या लेखी आतले आकडे वेगळे, म्हणून शब्दही वेगळे. चार दिवस मी ‘दुसऱ्या’ बरोबर असून चूक का दाखवतंय म्हणून डोकं धरून बसले होते.

आणि फोन आत्याचे मेसेज वाचून दाखवतो तेव्हा आजीची करमणूक होते ती निराळीच. मराठीत ‘आमचा’मधला च वेगळा आणि ‘आमची’मधला वेगळा. लिहायला मात्र एकच अक्षर. कोणता कुठे म्हणायचा हे आपण पाळण्यातच शिकतो, आजीच्या फोनला ते जमत नाही. तो सगळे च ‘आमची’तल्या ‘ची’सारखे म्हणतो. आजी म्हणते, "हा मुलगा बाहेरचा दिसतो."

बोली जमवण्याचं काम काही मी शोधून काढलेलं नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. ठिकठिकाणच्या बोलींत उधळ्या मुलाची एकच गोष्ट सांगायला लावून त्यांनी नमुने गोळा केले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही महाराष्ट्रातल्या बोलींचं सर्वेक्षण झालं आहे, आवाजासकट. ते मी तासन्‌तास ऐकते. फक्त आपण नकाशाच्या कडेबाहेर राहतो. आपलं आपण जमवायचं.

आता छंद, काकूंनी सांगितलं होतं म्हणून. खरं तर तेही कानाचेच आहेत. हिवाळ्यात रविवारी पहाटे मी सिरपूर तलावावर जाते. 2022 साली त्याला रामसर यादीत स्थान मिळालं, त्याच्या आधीपासून बाबा मला तिथे नेतात. बाबांची दुर्बीण, माझा रेकॉर्डर. शेकाट्या, टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी ही नावं मी तिथेच शिकले. वारकऱ्याचं नाव मला सगळ्यात आवडतं: काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा. धुक्यात दिसत काही नाही, नुसते आवाज येतात, आणि वहीत जे ऐकलं तेच लिहायचं असतं, त्या जागी असायला हवा होता तो पक्षी लिहायचा नसतो. सरांनी सांगायच्या आधी ही गोष्ट बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवली होती. तिथे जमायची, आजीच्या बाबतीत जमली नाही.

दुसरा छंद म्हणजे आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांचा ध्वनी. मागच्या वर्षी दुसऱ्या अंकात जी घरघर आली ती माझ्यामुळे नव्हती. विजेच्या तारेशेजारून माइकची तार नेली होती आणि 50 हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरला. मंडप घालणाऱ्यांनी या वर्षी कृपया लक्ष द्यावं.

राहिला पुढचा प्रश्न. पुण्याच्या एका कंपनीची नोकरी मिळाली आहे. जुलैत रुजू व्हायचं. काम चांगलं आहे, मराठीशी त्याचा संबंध नाही. दुसरा रस्ता म्हणजे याच विषयात एम.टेक. करून संशोधन. बाबा म्हणतात आधी दोन वर्षं कमव. आई म्हणते, तूच ठरव, आणि मग दर दोन दिवसांनी विचारते, ठरलं का. आजीला विचारलं तर ती मटार सोलता सोलता म्हणाली, "पुण्याला जा बेटा, चांगलं आहे. फक्त तिथे माझ्यासारखं बोलू नकोस."

फोन चालू होता. ते वाक्यही माझ्या तासांमध्ये आलं आहे. दोनदा ऐकून, जसंच्या तसं लिहिलं.

नोकरीचं अजून ठरलेलं नाही. पण जुलैपर्यंत मी इथेच आहे, आणि एका आजीच्या बोलण्यावर शिकवलेला प्रोग्रॅम फार तर त्या आजीपुरता शहाणा होतो. आत्ता तो आजीचं ‘चालली गेली’ बरोबर लिहितो. शेजारच्या गल्लीतल्या एका आजोबांवर लावून पाहिला, तर पुन्हा गडबडला. म्हणून विनंती करते. तुमच्या घरी कोणी बोलणारं असेल, इंदूर, देवास, उज्जैन कुठेही, तर मला बोलवा. तासभर पुरे. भाजी मी निवडीन. फोन लपवून रेकॉर्ड करत नाही, आधी विचारते, आणि नंतर कोणाला वाटलं की हे नको, तर तेवढा भाग पुसून टाकते.

हा नियम आजीनेच घालून दिला. परवा मेथी निवडताना ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीबद्दल सांगत होती. मोठ्या जाऊबाईंनी करंज्या कशा मोजून ठेवल्या, डब्याची किल्ली कोणाच्या कमरेला होती, चोरी कोणावर आली आणि खरी कोणी केली, सगळं. सांगून झाल्यावर तिला फोन आठवला. "ते पुस हं. तिची नातवंडं आहेत अजून."

मी तिच्यासमोर पुसलं. अकरा मिनिटं होती. एवढं सुंदर मराठी माझ्याकडच्या बाकी कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही.